त्या हंगामातला बिबट्या

“कुठं गेल्तीस? दळण आणायला गेल्तीस का गिरणी बांधायला?” मी असा ओरडलो की विश्रामगृहाच्या वळचणीतली कबुतरं उडाली, आणि खोटं कशाला सांगू, त्यातली निम्मी अजून परत आलेली नाहीत. “तोंड उघड! मुकी झालीस का?” मी खुर्चीला लाथ घातली. खुर्ची भिंतीवर आदळली. समोर शीला उभी होती. शीला गायकवाड, नगरच्या एका मिशन दवाखान्यात पंधरा वर्षं नर्स म्हणून काढलेली आणि मग समुपदेशनाकडं वळलेली बाई. सहाफुटी डॉक्टरांना कोपऱ्यात घेऊन झापायची. तिच्यावर मी हात उगारला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं, साखर कारखान्याचा वॉचमन काठी घेऊन आत घुसला आणि “बाईवर हात उगारतो व्हय रं!” म्हणत त्यानं ती काठी माझ्या पोटरीवर ठेवून दिली.

“अहो काका, प्रशिक्षण चालू आहे!” मी एका पायावर नाचत म्हणालो.

“कसलं?”

“नवरा-बायकोच्या भांडणावर उपचार कसे करायचे त्याचं. मी नवरा झालोय, या बायको झाल्यात. नाटक आहे ते.”

वॉचमननं खोलीभर नजर फिरवली. मांडीवर वह्या घेतलेली दहा शिकलेली माणसं गोल करून बसलेली. “नाटक कशाला करताय? आमच्या आळीत या की. रोज दोन टाइम चालू आसतंय,” असं म्हणून तो गेला. सगळे पोट धरून हसले. माझ्या पोटरीवर उसाच्या कांड्याएवढा वळ उठला होता, तरी मीही हसलो.

एक माणूस हसत नव्हतं. आमच्या रोहिणी मॅडम. पुण्याहून यायच्या. तीस वर्षं त्यांनी जोडप्यांबरोबर काम केलेलं, आणि आवाज इतका खालचा की ऐकायचा तर पंखा बंद करावा लागायचा. त्या मला म्हणाल्या, “सर, तुमचा हात खांद्याच्या वर जायच्या आधीच शीलाताईंनी डोकं झाकलं होतं. बघा. अजून झाकलेलंच आहे.”

आम्ही पाहिलं. शीलाचे दोन्ही हात डोक्यावर होते, कोपरं पुढं. तिनं ते सावकाश खाली घेतले, केस सारखे केले आणि “सवय,” एवढंच म्हणाली. बाहेर गव्हाणीत ऊस पडत होता. कारखान्याचे लाटे तो कडाकडा मोडत होते, आणि तेवढाच आवाज खोलीत राहिला.

दरवर्षी गव्हाणीत पहिली मोळी पडली की मला हे सगळं पोटरीतून आठवायला लागतं. आमचं श्रीगोंदं तेव्हा दुसरंच गाव होऊन जातं. हवेत मळीचा आंबूस, गोडसर, नाकात घर करून बसणारा वास. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावरची गाणी अशी की दुकानातल्या बरण्यांची झाकणं आपोआप फिरतात. पेटवलेल्या पाचटाची काळी राख दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर येऊन बसते आणि झटकली की रेघ उमटते. माणसं या दिवसांत गोड होतात असं बाहेरच्यांना वाटतं. साखरेचा मुलूख ना! पण हा हंगाम सगळा तोडायचा, सोलायचा, पिळायचा आहे. सकाळी रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी कोयत्यांचा आवाज. सपासप, सपासप. ज्या रानात काल हत्ती लपला असता तिथं आज ससा लपत नाही.

आणि लपलेलं सगळं बाहेर येतं. त्या वर्षी आमच्या तालुक्यात इतके बिबटे निघाले की ते ग्रामपंचायतीला उभे राहिले असते तर बिनविरोध आले असते. ऊस तोडला की त्यांचं घर गेलं. मग कुणाचं शेरडू, कुणाचं कुत्रं. प्रत्येक टपरीवर एकेक वीर बसलेला, प्रत्येकानं बिबट्या पाहिलेला. मीसुद्धा एक पाहिला होता. म्हणजे त्याचं शेपूट पाहिलं होतं. म्हणजे शेपटासारखं उसाचं वाढं हललेलं पाहिलं होतं. पण सांगताना मी पूर्ण बिबट्याच सांगायचो, मिशांसकट.

तर त्या हंगामात, पाच महिने, दर शनिवारी-रविवारी आम्ही बाराजण कारखान्याच्या विश्रामगृहात जमायचो. आम्ही कुणी अडाणी नव्हतो. कुणी मानसशास्त्र शिकलेलं, कुणी समाजकार्य. उदास माणूस, झोप उडालेला माणूस, परीक्षेला घाबरलेला माणूस, यांना आम्ही बऱ्यापैकी हाताळायचो. पण जोडपं हे प्रकरण वेगळंच. एकटा माणूस समोर बसला की विहिरीत डोकावल्यासारखं असतं. जोडपं बसलं की सामाईक विहिरीवर आज मोटर कुणाची, हे ठरवायला दोन भावांच्या मधे उभं राहिल्यासारखं. पाण्याबद्दल कुणी बोलतच नाही.

त्यातून आमच्याकडं जोडपं जोडप्यानं येतच नाही. जीपभर येतं. नवरा-बायको दोन आणि त्यांना पोचवायला सत्तावीस. मामा, चुलता, सासू, भावकीतला एक समजूतदार म्हणून गाजलेला माणूस, आणि कुणाचा कोण हे कुणालाच माहीत नसलेली एक म्हातारी. या सगळ्यांना एकच पद्धत ठाऊक. दोघांना समोरासमोर बसवायचं, चार माणसांत चूक कबूल करून घ्यायची, एकमेकांना पेढा भरवायला लावायचा, आणि “जा, नांदा” म्हणायचं. मी लहानपणापासून असल्या बैठका पाहिलेल्या. माझे वडील त्यातले मोठे गडी. पेढा कधी काढायचा याचं टायमिंग मला रक्तातून आलंय, असा माझा समज होता.

रोहिणी मॅडमनी पहिल्याच आठवड्यात आमचा पेढा काढून घेतला. त्यांचा नियम साधा होता. जोडपं आलं की थोडा वेळ दोघांशी एकत्र बोला. मग दोघांना वेगवेगळं बसवा, दार लावून. प्रत्येकी वीस मिनिटं. आणि घरात भीती वाटते का, हे तिथंच विचारा. भीती आहे असं कळलं तर दोघांना एकत्र बसवणं तिथंच थांबवा. “जिथं मार आहे तिथं मनमोकळं बोलायला शिकवू नका,” त्या म्हणाल्या. “ती तुमच्यासमोर खरं बोलेल आणि त्याची शिक्षा घरी भोगेल.” मी ते वाक्य वहीत उतरवलं, लाल शाईनं दोनदा अधोरेखित केलं. वही अजून माझ्याकडं आहे. रेघा अगदी सरळ आल्यात.

संक्रांत होऊन गेली आणि आम्हाला खरी जोडपी मिळायला लागली. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मागं बसून टिपणं घ्यायची, जोडप्याला तसं आधी विचारून. माझ्या वाट्याला आला रावसाहेब. हे त्याचं खरं नाव नाही, पण खऱ्या नावातही साहेब होताच. आमच्या जिल्ह्यात पोरगं पाळण्यात असतानाच साहेब होतं, नोकरीचं नंतर बघतात. रावसाहेब उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. उंच, देखणा, हसरा. बायको अलका, जामखेडकडची, खर्ड्याच्या बाजूची. वर्षात तिसऱ्यांदा माहेरी जाऊन बसलेली. मामानं समजूत घालून आणलेली. टिपणं घ्यायला माझ्यामागं शीला.

मी विचारलं, “काय अडचण आहे?”

“अडचन काय न्हाई सर,” रावसाहेब म्हणाला. “हिला करमत न्हाई. मी हंगामात चोवीस तास रस्त्यावर. हिच्या डोस्क्यात नाय त्ये येतं.” आणि बोलता बोलता त्यानं बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत चार ओरखडे. खपली धरलेली.

“हे काय?”

“ह्ये? बिबट्या.”

झालं. मी खुर्ची पुढं ओढली.

आता माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. मला कुणी गोष्ट सांगायला लागलं की मी माझं लग्न सोडून ऐकत बसेन. आणि रावसाहेब सांगायचा म्हणजे काय सांगायचा! अंगणात शेरडं ओरडली. तो बाहेर आला. हातात चाकाचे नट खोलायची लोखंडी टॉमी. समोर जनावर, डोळे जीपच्या दिव्यासारखे. ते उडी मारतंय, हा बाजूला होतोय, ते पंजा मारतंय, हा टॉमी घालतोय. एकदा जबड्यावर, एकदा बरगडीत. मी मधेच “मग?” म्हणायचो आणि तो आणखी एक उडी वाढवायचा. एक कारागीर दुसऱ्या कारागिराचं काम बघतो तसं मी बघत होतो. कुठं वाढवतोय हे मला कळत होतं, आणि म्हणूनच तो मला फार आवडला.

“ताई, तुम्ही होता का तिथं?” मी अलकाला विचारलं.

“व्हते की.”

“घाबरला असाल!”

“लई,” ती म्हणाली.

मी मोठ्यानं हसलो. रावसाहेबही हसला.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. कारखान्याच्या वजनकाट्यावर त्याच्या ट्रॅक्टरचा नंबर आला होता, आता गाडी हलवली नाही तर पुन्हा मागं. घड्याळात पाहिलं तर वेळ संपत आलेला. दोघांच्या वेगवेगळ्या वीस-वीस मिनिटांत बिबट्या येऊन बसला होता. मग मी काय केलं? फॉर्मवरचा तो रकाना भरायचा होता म्हणून तिथंच, नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या अलकाला, हसत हसत विचारलं, “काय ओ ताई, मारत वगैरे नाहीत ना?”

“न्हाई वो सर. देवमानूस हाय.”

मी रकान्यात लिहिलं, ‘नाही’. आणि वर दोघांना घरी करायचा अभ्यास दिला. रोज सायंकाळी वीस मिनिटं समोरासमोर बसायचं. एकानं मनात साचलेलं सगळं सांगायचं, दुसऱ्यानं मधे एक शब्द न बोलता ऐकायचं. पुस्तकातला अभ्यास होता, चांगल्या घरांसाठी चांगला. मामानं बाहेर पेढे आणलेलेच होते. मी एक खाल्लाही.

सगळे गेल्यावर शीला वही मिटत म्हणाली, “सर, बिबट्याची नखं एवढी बारीक नसतात.”

“म्हणजे?”

“मी दवाखान्यात बिबट्यानं ओरबाडलेल्या तीन पेशंटच्या जखमा धुतल्यात. मांस बाहेर येतं. हे असले ओरखडे बाईच्या नखाचे असतात. बाई खाली असते आणि हात मिळेल तिथं मारत असते, तेव्हाचे.”

मी तिला बिबट्याच्या वयाप्रमाणं नखांची जाडी कशी बदलते यावर व्याख्यान दिलं. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. व्याख्यान मात्र उत्तम झालं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, रोहिणी मॅडमनी टिपणं वाचली. चष्मा काढला. “उद्याच तिला एकटीला बोलवून घ्या. काहीतरी निमित्त काढा. शीलाताई बोलतील. आणि तो अभ्यास बंद करायला सांगा, आजच.”

“पुढच्या शनिवारी येणारच आहेत की मॅडम,” मी म्हणालो. “एका आठवड्यानं काय बिघडतंय?”

सोमवारी माझ्या भाचीचा साखरपुडा होता. मंगळवारी फोन लावला, तो रावसाहेबानं उचलला. मी म्हणालो, “सहज केला. बिबट्या काय म्हणतोय?” तो खदखदा हसला. मीही हसलो आणि फोन ठेवला.

बुधवारी अलकाचा हात मोडला. उजवा, मनगटाच्या वर, दोन ठिकाणी. याच्यात मी काही वाढवत नाही. एक्स-रे मी पाहिलाय. हाड कांडं पिचल्यासारखं उभं फाटलं होतं. त्याच टॉमीनं. शेजारणींनी तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं आणि तिथल्या सिस्टरनं शीलाला फोन केला, ओळखीनं. शीला पोचली, मागोमाग आलेल्या रावसाहेबाला औषधं आणायला धाडलं, पडदा ओढला, आणि आम्ही शनिवारीच द्यायला हवी होती ती वीस मिनिटं तिनं अलकाला तिथं दिली.

शीलानं ते बोलणं मला शब्दाला शब्द सांगितलं. अलका म्हणाली होती, “सरांनी सांगितलं तसं केलं बाई. रविवारी त्ये बोलले, मी ऐकलं. सोमवारी, मंगळवारी बी त्येच बोलले. आज म्हनले, आता तू बोल, सरांनी सांगितलंय. मग मी बोलले. समदं बोलले. लगीन झाल्यापासूनचं.”

“मग?”

“त्येंनी मधी तोंड घातलं न्हाई. शेवटपातुर ऐकून घेतलं. मंग उठले.”

आज मी स्वतः नव्या लोकांना शिकवतो. नगर म्हणा, अहिल्यानगर म्हणा, कर्जत, पारनेर, सगळीकडून येतात. चांगली शिकलेली, पुस्तकं पाठ. ही गोष्ट मी त्यांना सांगतो तेव्हा कबुतरं दरवर्षी वाढतात, वॉचमनची काठी आता लाठी झालीय, पण ‘मंग उठले’ हे दोन शब्द दोनच राहतात. कुणीतरी पाणी पितं. कुणीतरी वहीत रेघ मारतं. मी त्यांना सांगतो, रेघ मारू नका, दार लावायला शिका.

रावसाहेब त्या शुक्रवारी माझ्याकडं आला होता. अलका शीलाच्या ओळखीच्या घरी होती, पोलिसांत तक्रार लिहून झाली होती. तो खुर्चीवर बसला आणि रडला. “सर, तुमी मला वळखता. तुमी सांगा तिला, तुमचं ऐकंल ती. आपुन चार मानसं बसवू.” मला तोपर्यंत वाटत होतं की हा माणूस समोर आला तर मी त्याला फाडून खाईन. पण त्यानं ‘तुमी मला वळखता’ म्हटलं आणि माझं पाणी पाणी झालं, कारण ते खरं होतं. मी नाही म्हणालो. तेव्हा त्याचं रडं असं थांबलं की जणू कुणी कॉक बंद केला. त्यानं टेबलावरून माझी कॉलर धरली. “तूच शिकवलंस तिला बोलायला,” तो दात खात म्हणाला. शर्टाची दोन बटणं गेली. मी सांगताना पाच सांगतो. टेबलावर लोखंडी पंचिंग मशीन होतं आणि माझा हात त्याच्यावर होता. मशीन मुठीत गच्च आवळलेलं. त्याच्या कपाळाची जागा मी नजरेनं ठरवलीसुद्धा होती. बाहेर माणसं जमली नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही असं म्हणतो, पण हंगामात करतोच. नवरा होऊन ओरडायचं नाटक मला शिकवावं लागलं नव्हतं, ते का, हेही त्या दिवशी थोडंफार कळलं.

शनिवारी दुपारी अलका विश्रामगृहावर आली. शीलानं तिचे कागद तयार ठेवले होते, तक्रारीची प्रत, दवाखान्याचा दाखला, जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याच्या नावचा अर्ज. रावसाहेबाला त्याच दुपारी पोलीस ठाण्यात बसवलं होतं. तो सुटायच्या आत तिला तालुका सोडायचा होता. माहेरी खर्ड्याला भाऊ थांबला होता. या खेपेला पोचवायला कुणी मामा नाही, चुलता नाही. गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात, डाव्या हातात एक कापडी पिशवी.

मी तिला म्हणालो, “ताई, दोन मिनिटं बसता का?” ती बसली. आणि मी सुरू झालो. माझी चूक मी अशी सांगितली की ऐकणाऱ्यानं मलाच जवळ घ्यावं. मी म्हणालो की गोष्टीच्या नादात मी तुमच्याकडं पाहिलंच नाही, त्याच्यासमोर विचारायला नको होतं, तो अभ्यास द्यायला नको होता, सोमवारी तुम्हाला एकटीला बोलवायला हवं होतं, तो हात तुमचा नाही, माझा मोडलाय असं समजा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, पण त्यातही मी कुठं थांबायचं याचं टायमिंग साधत होतो. दोन मिनिटांची दहा झाली. शेवटी मी म्हणालो, “मला तुमची माफी मागायचीय,” आणि थांबलो.

ती माझं बोलणं मधे न बोलता ऐकत होती. तिनं पिशवी उचलली.

“झालं का सर? पावनेपाचची जामखेड गाडी हाय माझी.”